बिनवासाची कॉफी

चंदीगढला ऑक्टोबरात सातवीण फुलते. सेक्टर तीसमधल्या आमच्या क्वार्टरपासून मार्केटपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तीच झाडं आहेत. संध्याकाळ झाली की त्यांचा वास इतका दाट होतो की वरच्या मजल्यावरच्या आंटी खिडक्या लावून घेतात आणि ‘सिर फट जाता है जी’ म्हणत कपाळाला बाम चोळत बसतात. मला तो वास फार आवडायचा. बाकीच्यांना उग्र वाटो, मला त्यात दिवाळी जवळ आल्याची चाहूल लागायची. त्या वर्षी मात्र मी झाडाच्या बरोबर खाली जाऊन उभी राहिले. पायाखाली बारीक फुलांचा सडा पडलेला होता. मान वर करून छाती भरेपर्यंत श्वास घेतला आणि आत फक्त गार हवा गेली.

सप्टेंबरात मला ताप येऊन गेला होता. साधाच, चार गोळ्यांत उतरणारा. ताप उतरला, मी कामावर जायला लागले, आणि एका सकाळी फोडणी करताना लक्षात आलं की आपण हिंगाच्या डबीत जवळजवळ नाक खुपसून उभ्या आहोत आणि डबी रिकामी असल्यासारखी वाटते आहे. नवऱ्याला हाक मारली. त्यानं डबी हुंगली आणि सटासट शिंकला. मग मी लसूण ठेचला, देवघरातला कापूर काढला, शेवटी फिनेलची बाटली उघडली. काही म्हणजे काही नाही. मी हसत सुटले. म्हटलं, बरं झालं, आता तुझ्या मोज्यांचा त्रास संपला. तो हसला नाही.

माझा नवरा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवतो. काही बिघडलं की त्याचा एकच नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते बघायचं. आमची लाकडी खुर्ची कुरकुरायला लागली तरी तो तिच्या पायांकडे याच नियमानं बघतो. माझ्या नाकाकडेही तो तसाच बघायला लागला, आणि मला त्याचा राग येऊ लागला. माझं नाक म्हणजे काही त्याच्या टेबलावरचं यंत्र नव्हे.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकात बारीक नळी घालून आत बघितलं, म्हणाले, सगळं साफ आहे. मग इतका वेळ माझ्याशी बोलणारे ते एकदम नवऱ्याकडे वळले. ‘वापस आ सकती है जी, टाइम लगेगा. कभी-कभी नहीं भी आती.’ रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी हुंगायची, हळूहळू, मनात त्या वासाची आठवण काढत, असं त्यांनी सांगितलं. मी रोज हुंगायला लागले. लवंग टोचायची, निलगिरी थंड लागायची. वास कशालाच नव्हता.

वास नसलेलं जग वाईट नसतं, लांब असतं. सगळं तिथंच असतं, पण काचेपलीकडे. पोळी तव्यावर फुगते ते दिसतं, आणि ती पोळी कुणा दुसऱ्याच्या घरची असते. धुतलेला कपडा आणि न धुतलेला कपडा एकच होतो, म्हणून मी एकच कुर्ता दोनदा धुवायचे आणि तरीही ऑफिसात कुणाच्या जवळ उभी राहायला कचरायचे. एकदा दूध करपून पातेल्याला चिकटेपर्यंत मी शेजारच्या खुर्चीत वाचत बसले होते. त्या संध्याकाळी नवऱ्यानं स्वयंपाकघरात गॅस गळला की ओरडणारा एक डबा भिंतीवर ठोकला. मी त्याला म्हटलं, आता मी घरातली सर्वांत मुकी वस्तू झाले, भिंतीवरच्या डब्यालासुद्धा माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पण खरी भीती जेवणाची नव्हती. भीती माणसांची होती. नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं तर तिथं फक्त कापड असायचं. तो शेजारी बसलेला असला तरी तो आहे याची खात्री मला हातानं चाचपून करून घ्यावी लागायची. आणि त्याहून वाईट म्हणजे, मी आठवायला गेले तर वास आठवायचाच नाही, फक्त त्याचं नाव आठवायचं. मला वाटायला लागलं, वास आला नाही तर हळूहळू माझी माणसंही अशीच नुसत्या नावांची उरतील. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, अगं, वासच तर आहे.

कॉफी आली ती यातून. आमच्या सांगलीकडच्या घरात कॉफी म्हणजे उकळतं दूध, भरपूर साखर, चमचाभर पूड आणि वरून किसलेलं जायफळ. मी लग्नानंतरही तशीच करत आले. आता ती पिताना हाती यायचं ते फक्त गरम, गोड दूध. जिभेला गोड, कडू, आंबट, खारट एवढंच कळतं, बाकीचं सगळं नाक करतं, हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. मोहालीतल्या माझ्या ऑफिसात एक पुण्याची मुलगी काम करते. ती थर्मासमध्ये घरून काळी कॉफी आणायची. तिनं एकदा झाकणात घोटभर दिली. मी प्यायले आणि तो कडूपणा थेट कपाळात गेला. इतक्या दिवसांत काहीतरी प्रथमच माझ्यापर्यंत पोचलं होतं.

‘हे कसं केलंस?’ मी विचारलं.

‘मोका पॉट,’ ती म्हणाली. ‘गॅसवर ठेवायचा. मशीन नाही काही नाही. तू घे पक्का.’

त्याच शनिवारी आम्ही सेक्टर सतरामध्ये एका भांड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे सरदारजी होते. त्यांनी खोकी उघडून काउंटरवर ओळीनं मांडली. वर निमुळती, मधे बारीक कंबर, बाजूला काळा दांडा, अशी ती भांडी बाहुल्यांच्या चहाच्या खेळातली वाटत होती. त्यांनी एक फिरकी देऊन उघडून दाखवलं. खाली पाण्याची टाकी, मधे पूड घालायची गाळणी, वर कॉफी जमायची जागा, आणि जोडाला आतून रबराची कडी. खालचं पाणी तापलं की वाफ त्याला वर ढकलते, ते पुडीतून जातं आणि वरच्या नळीतून बाहेर येतं. नवऱ्यानं टाकीच्या अंगाला असलेलं छोटं पितळी बटण दाबून बघितलं. दाब फार वाढला तर वाफ इथून निसटते, म्हणाला, आणि खूश झाला.

त्याला स्टीलचं हवं होतं, इंडक्शनवर चालतं म्हणून. मला अ‍ॅल्युमिनियमचं. स्टीलकडे बघून मला पाण्याचा तांब्या आठवत होता. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं होतं, आठ कंगोऱ्यांचं, हातात बसत होतं. ‘नाक माझं गेलंय,’ मी म्हटलं, ‘मीच ठरवणार.’ त्यानं स्टीलचं परत खोक्यात ठेवलं. हे वाक्य मी त्या महिन्यांत बऱ्याच ठिकाणी वापरून घेतलं.

मग प्रश्न मापाचा. मी सहा कपांचं उचललं, म्हटलं कधी पाहुणे आले तर. सरदारजींनी मान हलवली. ‘मैडम जी, जितने का बर्तन, उतनी ही बनानी पड़ती है. छह वाले में दो की बनाओगे तो पानी लगेगी.’ म्हणजे टाकी पूर्ण भरायची, गाळणी पूर्ण भरायची, अर्धं-मुर्धं काही नाही. शिवाय कप म्हणजे आपला कप नव्हे, औषध प्यायच्या मापाचा. तीन कपांचं घेतलं. त्यात आम्हा दोघांचं नीट भागतं.

पहिल्या दिवशी मी घोळ घातला. गाळणीत पूड भरली आणि पोळीत पुरण दाबावं तशी बोटानं चांगली ठासून दाबली. आपल्याकडे कशात काही भरायचं म्हणजे दाबूनच भरायचं असतं. गॅस पेटवला तर ते चिमुकलं भांडं बर्नरच्या दांड्यांमधून खालीच घसरायला लागलं, म्हणून पापड भाजायची जाळी आणून तिच्यावर बसवलं. थोड्या वेळानं वर काही येईना, आणि कंबरेच्या जोडातून फसफस करत तपकिरी पाणी गळायला लागलं. मग ते पितळी बटण शिट्टी मारायला लागलं. मी मागे सरकले, नवऱ्यानं गॅस बंद केला.

‘दाबायची नाही,’ तो म्हणाला. ‘नुसती सपाट करायची. पाण्याला जायला वाट ठेव.’

‘आणि याला एस्प्रेसो म्हणतात ना?’

‘म्हणतात, पण खरं म्हणजे तेवढा दाब यात तयार होत नाही. खऱ्या एस्प्रेसोला...’

‘तू म्हणू नकोस,’ मी म्हटलं. ‘मी म्हणणार.’

पुडीचंही शिकावं लागलं. फार बारीक दळली तर तीच फसफस, फार जाड तर कॉफी पाणचट. कॉफीच्या दुकानात बिया दळून देणाऱ्याला मी हिंदीत समजावायचा प्रयत्न केला आणि शेवटी शेजारच्या किराणा दुकानातून बारीक रव्याची पुडी आणून त्याच्यापुढे धरली. ‘ऐसा,’ म्हटलं. तेव्हापासून तो मला बघितलं की न सांगता तशीच दळून देतो.

डिसेंबर आला आणि धुकं आलं. इथलं धुकं सकाळी खिडकीच्या अगदी काचेपर्यंत येऊन उभं राहतं. समोरची गच्ची जाते, मग तिच्या अलीकडचं कडुलिंबाचं झाड जातं, मग आमच्या बाल्कनीतली कपड्यांची तार जाते. आपणच तेवढे उरतो, आणि आपल्या स्वयंपाकघरातला पिवळा दिवा. मी शाल गुंडाळून ओट्यापाशी स्टुलावर बसायचे. टाकीत बटणाच्या जरा खालपर्यंत पाणी, गाळणीत पूड, वर झाकण उघडं. गॅस अगदी बारीक. लोकांना कॉफी झाल्याचं नाक सांगतं, ते दुसऱ्या खोलीत असले तरी उठून येतात. मला तिच्यासमोर बसून राहावं लागायचं. काही वेळ काहीच व्हायचं नाही. मग मधल्या नळीच्या तोंडावर एक काळा थेंब यायचा, थांबायचा, आणि मग दाट काळसर कॉफी संथपणे ओघळायला लागायची. पहिली काळी, मग तपकिरी, मग मधासारखी. मध दिसला की खळखळ सुरू व्हायच्या आत गॅस बंद करायचा, नाहीतर सगळी कडवट होते. ते बघता बघता बाहेरचं धुकं आणि आतली वाफ यांत मला फरक कळेनासा व्हायचा. कधी कधी मला खरोखर वाटायचं की मी अजून उठलेलेच नाही, हे सगळं झोपेत चाललंय, आणि जाग आली की पहिल्यांदा वास येईल.

नवरा मागून येऊन उभा राहायचा. ‘काही?’ एवढंच विचारायचा.

‘नाही.’

मग आम्ही दोघं प्यायचो. तो डोळे मिटून, मी उघडे ठेवून.

आई रोज संध्याकाळी सांगलीहून फोन करायची. ‘आज आला का गं वास?’

‘नाही.’

‘थोडासा तरी?’

‘नाही म्हटलं ना.’

‘अगं, थोडासा आलाय असं म्हणत गेलं की येतोय,’ ती म्हणायची. ‘मनाला सांगायचं.’

मनाला काय सांगायचं ते मी बघते, पण तुम्हा कुणाला खोटं सांगणार नाही, असं मी तिला तोडून टाकायचे. सगळ्यांनाच माझ्या तोंडून ‘आला’ ऐकायची घाई झाली होती. आंटी ऐकायला आतुर, ऑफिसातली मुलगी आतुर. एकदा ‘आला’ म्हटलं असतं तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता आणि मी एकटी काचेपलीकडे राहिले असते. मी हट्टाला पेटले. येईल तेव्हाच म्हणेन.

मग जानेवारीत केव्हातरी नवऱ्यानं विचारणं थांबवलं. एका सकाळी तो मागे येऊन उभा राहिला, कॉफी झाली, त्यानं कप घेतले आणि काही न बोलता ओतली. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. ज्या माणसाचा सगळा जन्म यंत्रं पुन्हा चालू करण्यात जातो, त्यानं माझं नाक कपाटात ठेवून दिलं, असं मला वाटलं. त्या दिवशी मी मोहालीला जाताना गाडीत ट्रॅफिकमध्ये रडले. शेजारच्या गाडीतल्या एका बाईनं मला बघितलं आणि सभ्यपणे काच वर केली.

फेब्रुवारीत थंडी उतरायला लागली आणि आई आली. सांगलीहून पुण्याला बसनं, पुण्याहून विमानानं. विमानतळाच्या दारातून ती बाहेर आली, डोक्यावरून पदर घेतलेली, एका हातात पिशवी, आणि मी धावत जाऊन तिला मिठी मारली. अंगाला अंग लागलं, तिच्या हाडांचा, लुगड्याचा स्पर्श झाला. पण आई आलीच नाही. मला माहीत होतं तिथं खोबरेल असणार, कापूर असणार, ट्रंकेतल्या साडीचा वास असणार. हे सगळे शब्द मला आठवत होते. मी आणखी घट्ट धरलं. तिला वाटलं मला भरून आलंय. तिनं पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, ‘बास बास, आली न्हवं मी.’

तिनं आल्या आल्या माझ्या नाकाचा ताबा घेतला. सकाळी नाकात साजूक तुपाचे थेंब, दुपारी तव्यावर गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी. मी निमूट करून घेत होते, कारण निदान कुणीतरी अजून आशा सोडली नव्हती. रविवारी आम्ही तिला गुलाबांच्या बागेत घेऊन गेलो. फेब्रुवारीत तिथं ताटवेच्या ताटवे फुललेले असतात आणि अर्धं चंदीगढ फोटो काढायला लोटतं. आई फोटोला उभी राहिली नाही. ती एकेका झाडापाशी वाकून हुंगत चालली होती आणि मला सांगत होती.

‘हा नुसता दिसायला. वास नाही त्याला.’ पुढचं झाड. ‘हा आहे, पण लाजरा.’ पुढचं. ‘हा बघ, गुलकंद! हा मात्र गुलकंद गं.’

मी तिच्या मागून चालत राहिले. ऊन कोवळं होतं, तिचा आवाज येत होता, आणि थोडा वेळ खरोखर मला असं वाटलं की मला तिच्या शब्दांतून वास येतो आहे. घरी येताना मी तिचा हात सोडला नाही. असं काही मी लहानपणीसुद्धा करत नव्हते.

आणि मग त्याच आईनं मोका पॉट घासला.

हे भांडं साबणानं घासायचं नसतं. नुसत्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, वाळवायचं. रोजच्या वापरानं आतून एक तपकिरी थर बसतो, तो बसू द्यायचा, त्यानं कॉफीला धातूची चव लागत नाही. चार महिन्यांत माझ्या भांड्यावर तो थर छान बसला होता. आईला ते बघवत नव्हतं. तिच्या घरात अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं आरशासारखं नसेल तर ते खरकटं. एक-दोनदा तिनं मला विचारलं, ‘हे असंच ठेवतीस?’ मी हो म्हटलं. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ओट्यावर भांड्याचे तिन्ही भाग पालथे घातलेले, चिंच आणि मीठ लावून घासून चांदीसारखे लखलखीत केलेले. आई शेजारी कौतुकाची वाट बघत उभी.

मी ओठ चावला. म्हटलं, ‘छान झालंय.’ एवढं खोटं मात्र मी बोलले. नवरा हळूच म्हणाला, काही नाही, पहिला एक घाणा करून ओतून देऊ, मग ठीक होईल. दुसऱ्या दिवशी माझी अंघोळ होईपर्यंत त्यानं तो करून मोरीत ओतूनही दिला. मी बाहेर आले तेव्हा भांडं धुऊन परत भरून ठेवलेलं होतं. सुट्टीचा दिवस होता. आई खाली पाटावर बसून मेथी निवडत होती. नवरा बाल्कनीत पेपर वाचत होता. धुकं संपलं होतं, खिडकीतून समोरची गच्ची आणि तिच्यावर वाळत घातलेल्या रजया स्वच्छ दिसत होत्या. मी जाळीवर भांडं ठेवलं, झाकण उघडलं आणि स्टुलावर बसले.

काळा थेंब आला, थांबला, आणि ओघळ सुरू झाला.

‘शी!’

मी मागे सरकले. जळका रबर, कुजलेला कांदा आणि त्याखाली आंबूस, मळमळवणारं काहीतरी. मी पटकन गॅस बंद केला, पदर नाकाला लावला, आणि माझा सगळा राग, पाच महिन्यांचा, आईवर निघाला.

‘काय लावून घासलंस हे?’

आईनं वर बघितलं. ‘चिंच.’

‘आणि?’

‘आणि मीठ. आणि काय असणार?’

‘मग ही घाण कसली सुटलीय? आतला रबर जाळलास का? तुला सांगितलं होतं ना, हे असंच ठेवायचं असतं! पण नाही, तुला प्रत्येक भांडं तुझ्याच घरच्यासारखं हवं. एक वस्तू, आई, या घरात एक वस्तू मी माझ्यासाठी आणली होती!’

‘अगं, ओरडतीस कशाला?’ आईचा चेहरा उतरला. ‘मी काय मुद्दाम केलंय का?’

नवरा पेपर टाकून आत आला. त्यानं दोघींकडे बघितलं, भांड्यावर वाकला, हुंगलं. मग कपात थोडी ओतली, घोट घेतला, तोंडात घोळवला.

‘चांगली झालीय,’ तो म्हणाला.

‘चांगली? हे सडलेलं तुला चांगलं वाटतंय?’

‘सडलेलं काही नाही यात. कॉफीचाच वास येतोय.’

मी आईकडे वळले. ‘तू बघ. ये इकडे, वाक आणि बघ काय करून ठेवलंयस ते.’

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. हातात मेथीची जुडी तशीच. भांड्यावर वाकली, डोळे मिटून गुलाब हुंगत होती तसं लांब हुंगलं. ‘नाही गं,’ ती हळूच म्हणाली. ‘कॉफीच आहे की. करपलेलीसुद्धा नाही.’

‘हो, आता तुम्ही दोघं एक व्हा!’ मी ओरडले. ‘अख्खं घर घाणीनं भरलंय आणि तुम्हाला पत्ता नाही. मग हा वास मला एकटीलाच कसा येतोय?’

वाक्य बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. नवरा कप हातात धरून माझ्याकडे बघत होता आणि बघता बघता कप कलला, कॉफी फरशीवर सांडली. आईनं मेथीची जुडी ओट्यावर ठेवली आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

मी पदर नाकावरून काढला. वाकले. आलाच. तोच, जळका, कुजका. वास परत येताना असाच वाकडातिकडा येतो, कॉफीचा तर हमखास, असं डॉक्टरांनी आम्हाला पुढे सांगितलं, आणि कित्येक महिने मी कॉफी पिऊ शकले नाही. पण तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

‘चुकीचा येतोय,’ नवरा म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. ‘पण येतोय.’

मला हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं. मी आईला म्हटलं, मी तुला काय काय बोलले गं. तर ती डोळे पुसत म्हणाली, ‘बोल की. अजून ओरड.’ आणि माझ्या दंडाला धरून तशीच उभी राहिली.

थोड्या वेळानं नवऱ्यानं भांड्याकडे हात नेला. ‘इतका त्रास होतोय तर ओतून देतो.’

‘हात तर लावून बघ,’ मी म्हटलं, आणि ओट्यावर दोन्ही कोपर टेकून, त्या उघड्या झाकणाशी तोंड नेऊन, ‘शी, शी’ करत तो माझा वास पोटभर घेत राहिले.